‘तुमच्यावर विश्वास बसत नाही’ म्हणून रेफ्युजी क्लेम फेटाळला, मग फेडरल कोर्टात नेमकं काय होतं? (कॅनडा)

शेवंती

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या लोकांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहून काढावं. प्रश्न असा की ताई, रेफ्युजी क्लेम (कॅनडात निर्वासित म्हणून संरक्षण मागणारा अर्ज) रिजेक्ट झाला, अपील पण गेलं, आता कोर्टात जज तरी आपलं ऐकून घेईल ना? आणि दरवेळी मला हे सांगायला जिवावर येतं की नाही हो, तिथे तुम्ही बोलतच नाही. तुम्ही मागच्या बाकावर बसता, दोन वकील तास-दीड तास बोलतात, आणि तुमच्या आयुष्याबद्दल तुमच्यासमोर बोलणं चालू असताना तुम्हाला एक शब्द बोलता येत नाही.

मी टोरोंटोजवळ राहते. आधी सात वर्षं हिंदी-मराठीची दुभाषी होते, आता एका इमिग्रेशन वकिलांकडे लॉ क्लार्क आहे. वकील नाही, त्यामुळे हे वाचून कुणी स्वतःची केस स्वतः लढवायला जाऊ नका. पण रोज त्याच फायली हातात असतात, त्यामुळे कुठे काय अडतं ते दिसतं.

आधी रस्ता कसा आहे ते सांगते. क्लेम जातो इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाकडे. पहिला टप्पा आरपीडी (रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजन), तिथे एक मेंबर, म्हणजे बोर्डाचा निर्णय देणारा माणूस, तुमचं सगळं तोंडी ऐकतो, हल्ली बहुतेक टीम्सवरच (व्हिडिओ कॉलवर) असतं, म्हणजे तुम्ही वकिलाच्या ऑफिसात, मेंबर त्याच्या स्क्रीनवर, दुभाषी तिसरीकडेच. फेटाळला तर आरएडी, हे अपील डिव्हिजन २०१२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं आणि ते बहुतेक वेळा कागदावरच निर्णय देतं. तिथेही नाही म्हणाले तर फेडरल कोर्ट. लोक इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं की हे वरचं अपील. हे अपील नाहीच. हा जुडिशियल रिव्ह्यू, सगळे जेआर म्हणतात, कागदोपत्री मराठीत न्यायिक पुनर्विलोकन. निर्णय ज्या कारणांवर उभा आहे ती कारणं टिकतात का, एवढंच जज बघतो. तुम्ही खरे की खोटे हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच. मी असतो तर वेगळा निर्णय दिला असता असं मनात असूनही तो निर्णय तसाच ठेवू शकतो. २०१९ च्या डिसेंबरमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने वाविलोव्ह नावाच्या केसमध्ये हे सगळं नीट मांडलं. (तो वाविलोव्ह रेफ्युजी नव्हता बरं का, टोरोंटोत जन्मलेला रशियन गुप्तहेरांचा मुलगा, भांडण नागरिकत्वाचं होतं, पण आज आमच्या प्रत्येक अर्जात त्याचं नाव असतं.) त्यातलं एक म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं, माणसावर निर्णयाचा परिणाम जितका गंभीर, तितकी कारणं त्या गांभीर्याला साजेशी हवीत.

आणि जेआरच्या दारातच एक चाळण आहे, तिला लीव्ह म्हणतात. आधी कोर्टाची परवानगी मागायची, की माझी केस ऐकण्यासारखी आहे. बहुतेक अर्ज तिथेच संपतात, सहसा एका ओळीत, कारण न देता, आणि त्यावर अपील नाही. लीव्ह मिळालीच तर ३० ते ९० दिवसांच्या आत सुनावणी लागते.

आता मूळ मुद्दा. क्रेडिबिलिटीवर, म्हणजे तुमच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही म्हणून, फेटाळलेला निर्णय वाचला की माणूस मोडून पडतो. पुरावा कमी पडला असं लिहिलेलं सहन होतं, पण तुम्ही सांगितलेलं आम्हाला पटत नाही हे सहन होत नाही. मी दुभाषी असताना हे वाक्य भाषांतर करून लोकांना सांगितलंय, त्यांचे चेहरे मला आजही आठवतात.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. उत्तर भारतातली एक बाई. तिच्या फॉर्मवर लिहिलेलं की माझ्या भावाला पोलिसांनी उचललं आणि मग ते माझ्या मागे लागले. सुनावणीत पहिल्या पंधरा मिनिटांत विचारलं, तुम्हाला भावंडं किती? ती म्हणाली, आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. झालं. आता आपल्याकडे कुठलंही पोर सांगेल की मामेभाऊ हा भाऊच असतो, सख्खा नसेल तर राखी त्यालाच बांधायची, सख्खा असता तर बांधली असती त्याहून जास्त मायेने. ती पण तेच म्हणाली, “मामा का लड़का है, हम भाई ही बोलते हैं.” पण फॉर्म भरणाऱ्या इमिग्रेशन कन्सल्टंटने (हा वकील नसतो) इंग्रजीत सख्ख्या भावाचा शब्द घातला, तिला पूर्ण फॉर्म कधी वाचून दाखवला नाही, आणि शेवटच्या पानावर ‘मला माझ्या भाषेत वाचून दाखवलं, मला समजलं’ याच्याखाली सही मात्र घेतली. नंतर अपिलाचं निवेदन त्याच माणसाने केलं, दोन पानांचं, त्यात या मामेभावाचा उल्लेखच नाही! फाईल आमच्याकडे आली तेव्हा सुनावणीचं रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून ऐकलं. ५२ व्या मिनिटाला तिचा तो खुलासा स्वच्छ ऐकू येतो. तेवढंच वाक्य मी इतक्या वेळा मागे नेऊन ऐकलं की आता तिचा आवाज पाठ झालाय.

म्हणून मला हे कळकळीने सांगायचंय, की कोर्टात जी केस जाते ती तुमची कहाणी नसते, कागद आणि रेकॉर्डिंग असतं. तिथे जे आलं नाही ते कोर्टासाठी घडलेलंच नाही. वकिलाकडे धावायचं ते फॉर्म भरताना, निकाल लागल्यावर नाही.

प्रश्न विचारा, माहीत असेल तेवढं सांगेन.

---

मिसिसागाकर

शेवंतीताई, चांगलं लिहिलंय, पण दुसरी बाजू पण मांडतो, राग मानू नका. मी इथे पंचवीस वर्षं आहे, पॉइंट्सवर (शिक्षण-अनुभवाचे गुण मोजून) आलो, रांगेत थांबून आलो. आता बघतो तर स्टुडंट व्हिसावर आलेली मुलं, कॉलेज झेपत नाही किंवा वर्क परमिट संपतंय म्हटल्यावर एकदम रेफ्युजी क्लेम. सगळ्यांच्या कहाण्या सारख्या, गाव बदललेलं फक्त. मग मेंबरने संशय घेतला तर त्याचं काय चुकलं? आणि वर कोर्ट, म्हणजे आणखी वर्ष-दोन वर्षं इथे राहायची सोय. खऱ्या पीडितांची जागा ही मंडळी खातात असं माझं मत आहे.

---

शेवंती

मिसिसागाकर, राग कशाला. छापील कहाण्या असतात, मी स्वतः पाहिल्यात, तीन फायलींत तोच परिच्छेद, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. ते विकणारे लोक आपल्याच आसपास ऑफिस थाटून बसलेत आणि मला त्या मुलांपेक्षा त्यांचा संताप जास्त येतो.

पण म्हणूनच तर कारणं नीट लिहिली जायला हवीत ना? समजा शंभरातले साठ खोटे आहेत (हा आकडा मी वादासाठी घेतेय, खरा नाही), तरी समोर बसलेली बाई साठातली की चाळीसातली हे तिच्या स्वतःच्या जबानीवरूनच ठरवावं लागेल, तिच्या गावच्या इतर लोकांवरून नाही. कोर्ट तेवढंच मागतं. खोटं बोललात असं म्हणायचं असेल तर कुठे, कशावरून, आणि तुम्ही दिलेला खुलासा का पटला नाही, ते लिहा. १९९१ च्या हिलो केसमध्ये फेडरल कोर्ट ऑफ अपीलने हेच सांगितलं, की संशय घ्यायचा तर स्पष्ट आणि निःसंदिग्ध शब्दांत घ्या, मोघम नको.

आणि कोर्टात जिंकलं म्हणजे रेफ्युजी झालं असं नाही. कोर्ट स्टेटस देतच नाही. निर्णय रद्द होतो आणि केस परत, वेगळ्या मेंबरकडे. खोटी कहाणी असेल तर ती तिथे पुन्हा पडेल.

अजून एक, रांगेत थांबून आलेल्या आपल्यासारख्यांना हे पटकन लक्षात येत नाही, पण हे तोंडी सुनावणीचं जे आहे ते आपल्याच माणसांनी मिळवलंय. १९८५ पर्यंत इथे क्लेम करणाऱ्याला निर्णय घेणाऱ्यासमोर बसून बोलायचा हक्क नव्हता, कागदावरच व्हायचं. सिंग विरुद्ध मिनिस्टर या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ४ एप्रिल १९८५ ला सांगितलं, की ज्याच्या बोलण्याच्या खरेपणावर सगळं अवलंबून आहे त्याला तोंडी ऐकलंच पाहिजे. अर्ज करणाऱ्यांत पंजाबातून आलेले शीख होते. ४ एप्रिल हा इथे रेफ्युजी राइट्स डे म्हणून पाळतात.

---

काळा_कोट

वाचतोय. मुंबई हायकोर्टात वकिली करतो, इमिग्रेशनचा अनुभव शून्य, पण तुमचा जेआर म्हणजे आमची राज्यघटनेच्या कलम २२६ खालची रिटच वाटतेय. आमच्याकडेही हायकोर्ट रिटमध्ये पुरावा नव्याने तोलत नाही, निष्कर्ष पूर्ण निराधार असेल, महत्त्वाचा पुरावा बघितलाच नसेल, किंवा नैसर्गिक न्याय पाळला नसेल तरच हात घालतं. अशिलाला हे समजावताना आमचाही घसा बसतो.

क्रेडिबिलिटीबद्दल दोन गोष्टी आठवल्या. आमच्या सुप्रीम कोर्टाचा १९८३ चा भरवाडा भोगीनभाई हा निकाल प्रत्येक फौजदारी वकिलाला पाठ असतो, न्या. ठक्कर यांचा. त्यात म्हटलंय की साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप नसते मागे नेऊन दाखवायला, किती वाजले होते, किती वेळ चाललं, हे लोक अंदाजाने सांगतात, माणसागणिक वेळेचं भान वेगळं, आणि कोर्टाच्या वातावरणात उलटतपासणी चालू झाली की साधा माणूस गोंधळतो. किरकोळ विसंगतीवर साक्ष फेकून द्यायची नाही. दुसरं, एक खोटं निघालं म्हणजे सगळंच खोटं, हा नियम भारतात कायदा म्हणून मानत नाहीत, १९५७ च्या निसार अलीपासून. भुसा वेगळा करा आणि दाणे घ्या असं सांगितलं जातं. तुमच्याकडे एक खोटं पकडलं तर सगळी केस जाते का?

अवांतर: आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही आणि १९५१ च्या करारावर आपली सहीही नाही, त्यामुळे हे मेंबर, बोर्ड, अपील वगैरे वाचून नवल वाटतं.

---

शेवंती

काळा_कोट साहेब, हा व्हिडिओ टेपचा निकाल मला माहीतच नव्हता, आमच्या वकिलांना उद्याच सांगते, खूप आभार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आणि नाही असं दोन्ही आहे. सुरुवात इथे क्लेम करणाऱ्याच्या बाजूनेच होते. माल्डोनाडो म्हणून चिलीच्या एका माणसाची केस आहे, १९८० च्या रिपोर्टमध्ये छापलेली, त्यात तत्त्व असं की शपथेवर सांगितलेलं खरं मानायचं, शंका घ्यायला कारण असेल तरच घ्यायची. पुरावा आणला नाही एवढ्यावरून खोटं ठरवायचं नाही. पण हे गृहीतक एकदा का ढासळलं, म्हणजे मेंबरने सज्जड कारणांसह म्हटलं की या व्यक्तीवर एकंदरीतच विश्वास नाही, की मग २००८ च्या सेल्लन केसप्रमाणे तेवढ्यावर क्लेम संपू शकतो, वाचवायला स्वतंत्र, विश्वासार्ह कागदपत्र लागतात. म्हणजे दाणे-भुसा इथेही आहे, पण दाणे तुमच्या तोंडून आलेले चालत नाहीत, दुसरीकडून यावे लागतात.

विसंगतीबद्दलही इथे निकाल आहेत. १९८९ चा अटाकोरा, घानाच्या माणसाचा, त्यात कोर्टाने बजावलं की जी माणसं दुभाष्यामार्फत बोलतायत त्यांच्या जबानीत भिंग घेऊन चुका शोधायच्या मागे लागू नका. मी दुभाषी होते म्हणून असेल, पण हा मला सगळ्यात जवळचा. आणि २००१ चा वाल्चेव्ह, बल्गेरियातल्या रोमा माणसाचा. मेंबर कधी कधी लिहितात की असं कुणी वागणारच नाही, म्हणजे विसंगती नसते, पण त्यांना ते पटत नाही. तर कोर्ट म्हणालं की असा निष्कर्ष अगदी उघडउघड प्रकरणातच काढा, कारण कॅनडात बसून जे विचित्र वाटतं ते त्या माणसाच्या मुलखात रोजचं असू शकतं. बघा ना, नवरा मारतो म्हणून घर सोडलेली बाई तीन महिन्यांनी सासूच्या आजारपणात परत जाऊन राहिली, हे आपल्यापैकी कुणालाही अशक्य वाटेल का? आपल्या माजघरात अशा दोन बायका सापडतील. इथे ते भीती खरी नव्हती याचा पुरावा म्हणून समोर येऊ शकतं.

---

ओसरी

मी पण दुभाषी आहे, अजून करते. शेवंती, तुझं मामेभावाचं वाचून पोटात गोळा आला.

माझे रोजचे काळजीचे शब्द सांगते. मराठीत ‘परवा’. झालेला परवा, येणारा परवा, आणि ‘अगं परवाच तर भेटलो’ म्हणतो तेव्हा पंधरा दिवस झालेले असतात. हिंदीत ‘कल’ आणि ‘परसों’ दोन्ही दिशांना जातात. मी दरवेळी थांबून विचारते की नक्की कोणता दिवस म्हणताय, आणि मेंबरला सांगते की मी खुलासा विचारतेय. न विचारता अंदाजाने दिवस सांगितला आणि फॉर्मवर वेगळी तारीख असली की ती चूक त्या माणसाच्या खात्यात जाते, माझ्या नाही.

तारखांचं तर विचारूच नका. नेपाळी माणूस विक्रम संवतात विचार करतो, इंग्रजी सालाच्या ५६-५७ वर्षं पुढे, आणि त्यांचा महिना आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्यावर सुरू होतो. गावाकडच्या बायका तारीख सांगतच नाहीत, पेरणी झाली होती, लेकाचं जावळ काढलं त्याच्या आदल्या आठवड्यात, असं सांगतात, आणि ते अगदी बरोबर असतं. फॉर्म भरणारा त्याची तारीख करतो, आणि सुनावणीत त्या तारखेवर तिला अडवतात.

सगळ्यांना एक सांगणं, दुभाषी चुकतोय असं वाटलं तर तिथेच, त्याच वेळी बोला. थोडंफार इंग्रजी कळत असेल तर कान देऊन ऐका. २००१ च्या मोहम्मदियन केसमध्ये फेडरल कोर्ट ऑफ अपीलने म्हटलंय की भाषांतर अखंड, अचूक, सक्षम, निःपक्षपाती आणि त्याच वेळचं हवं, आणि नुकसान झालं हे वेगळं सिद्ध करायची गरज नाही, पण हरकत पहिल्या संधीला घ्यायला हवी. तेव्हा गप्प बसलात आणि निकाल विरोधात गेल्यावर म्हणालात, तर बहुतेक वेळा कोर्ट ऐकत नाही. माझी चूक दाखवली म्हणून मला राग येणार नाही, खरंच सांगते.

---

लेस्टरवासी

इकडे यूकेत थोडं वेगळं आहे. होम ऑफिसने (इथलं गृहखातं) नकार दिला की ट्रिब्युनलमध्ये जे अपील होतं त्यात जज तुमचं तोंडी ऐकतो आणि स्वतः ठरवतो. पण २००४ च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये कोणत्या वागण्याने क्रेडिबिलिटीला बाधा येते त्याची यादीच दिलीय, कागद नष्ट केले, वाटेतल्या सुरक्षित देशात क्लेम केला नाही वगैरे. त्यामुळे ज्याला एजंटने पासपोर्ट फाडायला लावला तो आधीच मागे पडतो. धागा छान चाललाय, वाचतेय.

---

नदीकाठ

मी कधी लिहीत नाही इथे, आज पहिल्यांदा. माझ्या रूममेटची गोष्ट आहे, पंजाबचा आहे. आरएडीचा नकार आलाय. एक तर म्हणाले तुझ्या सांगण्यात विसंगती आहेत, आणि वर लिहिलंय की खरं धरलं तरी तू मुंबईत जाऊन राहू शकतोस. त्याने गावाहून सरपंचाचं पत्र मागवलंय, नवीन, त्यात सगळं लिहिलंय. ते कोर्टात दिलं तर चालेल का? आणि तो म्हणतो की कन्सल्टंटच कोर्टाचं पण करून देईल, आधीच्यापेक्षा स्वस्तात. निर्णय येऊन ९ दिवस झालेत.

---

शेवंती

नदीकाठ, हे आधी वाचा, बाकी सगळं नंतर. जेआरचा अर्ज निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत दाखल व्हावा लागतो. तुमच्याकडे ६ दिवस आहेत, त्यात शनिवार-रविवार. कोर्टाची फी ५० डॉलर आहे, आत्ता फक्त अर्ज दाखल करायचा असतो, सविस्तर युक्तिवाद नंतर जातो. मुदत चुकली तर वाढवून मागता येते पण त्याला खास कारण लागतं आणि मिळेलच असं नाही. शिवाय आरएडीच्या निर्णयावर वेळेत जेआर टाकला तर बहुतेकांचं डिपोर्टेशन कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आपोआप थांबतं. वेळेत नाही टाकला तर ते संरक्षण जातं, आणि मग स्टेसाठी (डिपोर्टेशनला स्थगितीसाठी) वेगळं कोर्टात जाऊन तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, गंभीर मुद्दा आहे, भरून न येणारं नुकसान होईल, आणि पारडं आपल्या बाजूला झुकतं. विमानाच्या तिकिटाची तारीख हातात घेऊन ते करणं फार अवघड असतं.

कन्सल्टंट फेडरल कोर्टात उभा राहू शकत नाही. लायसन्सवाला असला, बोर्डासमोर चालत असला तरी कोर्टात नाही, तिथे वकीलच लागतो. मी करून देतो म्हणणारा एक तर दुसऱ्या कुणाच्या नावावर करणार किंवा तुमच्या रूममेटला ‘स्वतःचा स्वतः’ म्हणून पुढे करणार. पैसे नसतील तर आजच लीगल एड ऑन्टारियोला (इथली कायदेशीर मदत देणारी संस्था) फोन करा, रेफ्युजी केसेसना वकिलाच्या खर्चासाठी त्यांचं सर्टिफिकेट मिळू शकतं, मग वकील शोधा.

सरपंचाचं पत्र. कोर्ट नवीन पुरावा घेत नाही, मेंबरसमोर जे होतं त्यावरच बघतं. अपवाद म्हणजे न्याय्य प्रक्रियाच झाली नाही असं म्हणायचं असेल तर. आमच्या त्या बाईच्या केसमध्ये तेच झालं, जुन्या कन्सल्टंटने अकार्यक्षमपणे काम केलं हा मुद्दा घेतला. पण त्यालाही नियम आहेत, त्या माणसाला आधी नोटीस पाठवून उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, आणि त्याने नीट केलं असतं तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती हे दाखवावं लागतं. पत्र टाकून देऊ नका, वकिलाला दाखवा, पण त्याच्यावर आशा ठेवून बसू नका.

आता मुंबईचं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. याला इंटर्नल फ्लाइट अल्टरनेटिव्ह म्हणतात, आयएफए. म्हणजे आपल्याच देशात दुसरीकडे सुरक्षित आणि वाजवीपणे राहता येत असेल तर कॅनडाचं संरक्षण मिळत नाही. १९९१ च्या रसरत्नम केसपासूनची दोन अंगांची कसोटी आहे, तिथे धोका नाही ना, आणि तिथे जाऊन राहणं या माणसाच्या परिस्थितीत अवाजवी नाही ना. भारतातल्या क्लेममध्ये मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता ही नावं सारखी येतात. आणि आयएफए हे स्वतंत्र कारण आहे! वकिलाने क्रेडिबिलिटीचे सगळे मुद्दे खोडून काढले आणि मुंबईचं तसंच राहिलं तर निर्णय उभाच राहतो. लोक ‘मला खोटारडा म्हणाले’ या दुःखात इतके असतात की ते एक पान वाचतच नाहीत.

---

काळा_कोट

मुंबईबद्दल माझ्याकडून एक. इथे लिव्ह अँड लायसन्सवर घर घेतलं की करार नोंदवावा लागतो, भाडेकरूची माहिती पोलिसांना जाते, आधार, मूळ पत्ता सगळं. ज्याला गावच्या गुंडाची भीती आहे त्याला त्याचं काही नाही, पण ज्याला पोलिसांचीच भीती आहे त्याने कांदिवलीत खोली घेतली की मूळ पत्ता कागदावर आलाच. हे तिथे बघतात का?

---

शेवंती

बघतात, म्हणजे मांडलं असेल तर. भाडेकरू पडताळणी आणि पोलिस ठाण्यांना जोडणारं सीसीटीएनएस हे मुद्दे भारतीयांच्या क्लेममध्ये नेहमी असतात. बोर्डाचं म्हणणं बऱ्याचदा असतं की एका राज्याचे पोलिस किरकोळ माणसाचा दुसऱ्या राज्यात माग काढत नाहीत. ते काही केसेसमध्ये बरोबरच असेल. प्रश्न येतो तो ‘या’ माणसाच्या मागे लागायला त्यांना कारण आहे का, आणि ते निर्णयात तपासलंय का. नदीकाठ, तुमच्या रूममेटच्या निर्णयात मुंबईवाला भाग किती ओळींचा आहे ते बघा, आणि त्याने पोलिसांबद्दल जे सांगितलं ते त्यात आलंय का. जेआरला जीव असेल तर कदाचित तिथे असेल.

---

मिसिसागाकर

एक विचारू? तुमच्या त्या बाईचं पुढे काय झालं?

---

शेवंती

लीव्ह मिळाली. सुनावणीच्या आधी सरकारी वकिलांनी स्वतःच मान्य केलं की निर्णय रद्द व्हावा, असं होतं कधी कधी. केस परत आरएडीकडे गेली, तिथून पुन्हा पहिल्यापासून आरपीडीकडे. आता तिला सगळं दुसऱ्यांदा सांगायचंय, चार वर्षांपूर्वीची रात्र, आणि या वेळी जुन्या सुनावणीचं रेकॉर्डिंगही फाईलमध्ये आहे, म्हणजे आधी ‘चौघे आले’ म्हणाली असेल आणि आता ‘तिघे-चौघे’ म्हणाली तर तेही दिसणार. ती मला विचारते, मी पाठ करू का? मी नाही म्हणते, जे आठवतं ते सांगा, आठवत नाही ते आठवत नाही म्हणा. रात्री झोप लागत नाही म्हणते. तारीख अजून लागलेली नाही.

---

मिसिसागाकर

चार वर्षं. एवढं माहीत नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणत, पण त्या फॉर्म भरणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते पटतंय. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा धागा टाकतो.

---

नदीकाठ

लीगल एडला फोन केला, लागला, त्यांनी कागद मागवलेत. एक वकील उद्या सकाळी ९ ला भेटतो म्हणालेत. मुंबईचा भाग मोजला, अकरा ओळी आहेत, पोलिसांचं त्यात काहीच नाही. अजून काय घेऊन जाऊ?

---

शेवंती

निर्णयाची पूर्ण प्रत, तो कधी मिळाला ते दाखवणारा ईमेल किंवा पाकीट, मूळ फॉर्म, अपिलाचं निवेदन, आणि सरपंचाचं पत्र जसं आलं तसं, पाकिटासकट. सुनावणीचं रेकॉर्डिंग त्याच्याकडे नसेल तर बोर्डाकडे मागता येतं, तो मेल आज रात्रीच टाका. आणि त्याला सांगा, जाण्याआधी फॉर्म एकदा कुणाकडून तरी पंजाबीत पूर्ण वाचून घे, पहिल्या ओळीपासून, आणि जिथे ‘मी असं म्हणालो नव्हतो’ वाटेल तिथे पेन्सिलने खूण कर.